घोरपडीचा ओटा

माझ्या यंत्राचं कागदोपत्री नाव ‘समतोल’. पण देशभरातली पोट्टी त्याला ‘मोहोड’च म्हणायची. “मोहोडनं आज काय दिलं रे?” “अरुंद दिला यार, मोहोडनं मारलं.” हे कानावर पडलं की मी मनातल्या मनात खूश व्हायचो. अमरावतीच्या तंत्रनिकेतनात मी अठ्ठावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, पण वर्गाबाहेर कोणी मला ओळखत नव्हतं. आणि इथे गुवाहाटीपासून गोव्यापर्यंत पोरांच्या तोंडी माझं आडनाव. माणूस फुगणार नाही तर काय होईल. मी फुगलो, आणि त्या फुगण्यात माझी पोरगी गेली. मेली नाही, माझंही आयुष्य तिला लाभो. पण गेली.

ज्यांना ‘धक्का’ हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माहीत असलेल्यांनी गप्प बसून ऐकावं, वर्गात मी हेच सांगायचो. पडद्यावर एक ओटा अधांतरी तरंगत असतो, त्याच्या वर दोन-तीन फळ्या. ओट्यावर दोन लढवय्ये. मारून मारून समोरच्याला ओट्याबाहेर ढकलायचं. तो खाली पडला की त्याचा एक जीव गेला, तीन जीव गेले की डाव गेला. असा तीन डावांचा सामना. लढवय्ये चाळीस आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. गरुडाला उंच छत लागतं. घोरपड मंद असते पण चिवट, तिला मागे सरायला आणि कडेला चिकटून परत वर यायला जागा लागते. रुंद ओट्यावर घोरपड सहसा हरत नाही, अरुंद ओट्यावर तीन फटक्यांत बाहेर. म्हणजे ओटा कोणता मिळाला यावर बरंच काही ठरतं, आणि सगळ्यात जास्त ठरतं ते पहिल्या डावाच्या ओट्यावर. पुढचे ओटे हरलेला निवडतो, त्यामुळे दुसरा डाव साधारण पहिला हरलेल्याचा तर तिसरा पहिला जिंकलेल्याचा होतो, आणि पहिला जिंकलेला दहातले सात सामने घेऊन जातो. हे मी मोजलेलं आहे.

पूर्वी पहिला ओटा काट मारून ठरायचा. ठरलेले पाच ओटे. छापा-काटा जिंकेल त्यानं एक कापायचा, समोरच्यानं दोन, मग पहिल्यानं उरलेल्या दोनांतला एक. राहील त्यावर खेळायचं. आमची मैथिली बारा वर्षांची असताना तिनं ही पद्धत घरात आणली. रविवारी नाश्त्याला काय करायचं, तर ती पाच पदार्थ सांगायची आणि आम्ही काट मारायचो. मी एक, ती दोन, मी एक. मी कितीही डोकं लढवलं तरी ताटात गिला वडाच यायचा. “पोट्टी तुम्हाला गुंडाळते,” तिची आई वर्षा म्हणायची, “आणि तुम्ही म्हणे गणिताचे मास्तर.” मी मैथिलीला मेथी म्हणायचो. ती मला ‘अरे बाबा’ म्हणायची.

मेथी घोरपड घेऊन खेळायची. देशात गंभीरपणे घोरपड घेणारी ती जवळजवळ एकटीच होती, कारण घोरपड शिकायला दोन वर्षं जातात आणि एवढा धीर आजकालच्या पोरांना नसतो. सतराव्या वर्षी ती पुण्याला मोठ्या स्पर्धेत गेली. समोरच्या मुलीच्या मागे प्रशिक्षक उभा होता, त्याच्या हातात कोणता ओटा केव्हा कापायचा याचे तक्ते. मेथीच्या मागे मी, हातात पाण्याची बाटली. काटेतच ती अर्धी हरली होती. परत येताना गाडी बडनेऱ्याला लागली. उतरताना म्हणाली, “बाबा, मी खेळात नाही हरली रे.”

त्याच आठवड्यात मी यंत्राचं काम सुरू केलं. हे नीट लक्षात घ्या, मी ते तिच्यासाठी केलं.

कल्पना साधी होती. काटच नको, ओटा यंत्रच बनवेल. त्याला देशातले सगळे सामने खाऊ घालायचे. घोरपड आणि गरुड एखाद्या मापाच्या ओट्यावर भिडले तर शंभरातले कोणी किती जिंकले, ते यंत्र बघतं. घोरपड साठ जिंकत असेल तर ओटा बोटभर अरुंद करतं आणि पुन्हा मोजतं, पन्नास-पन्नास येईस्तोवर. मग तो झाला त्या जोडीचा पहिल्या डावाचा ओटा. दर सोमवारी नवे आकडे, नवी मापं. यात घरचा सरावसुद्धा आला, कारण खेळाचा प्रत्येक खोका यंत्राला जोडलेला. प्रशिक्षक नको, तक्ते नकोत, चांदूर बाजारचं पोरगं आणि मुंबईचं पोरगं एकाच मापात. वर्षभरात धक्का महासंघानं यंत्र उचललं आणि प्रत्येक मोठ्या स्पर्धेत मला तांत्रिक प्रमुख म्हणून बोलावू लागले.

तेवढ्यात खेळ आशियाई स्पर्धेत आला. देशाचा संघ चौघांचा, निवड चार वर्षांतून एकदा. या खेळात बोटांची चपळाई विशी-बाविशीला शिगेला असते, नंतर उतार लागतो. मेथी निवडीच्या वेळी वीस वर्षांची असणार होती. म्हणजे हीच वेळ, दुसरी नाही. तिनं बारावीनंतर शिक्षण थांबवलं, तेही माझ्या परवानगीनं. लोकांनी नाकं मुरडली. मी म्हटलं, मुरडा.

सहा महिने गेले आणि एका दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“बाबा, ओटा अरुंद होऊन राहिला.”

“समोरच्यालाही तेवढाच अरुंद आहे ना?”

“तसं नाही रे. घोरपडीला जागा कमी पडते. आधी मला कडेला दोन पावलं मिळायची, आता एकच मिळते.”

“मापं यंत्र काढते, मी नाही. हे बघ.” मी तिला ग्राफ दाखवला. घोरपड शंभरातले पन्नास जिंकत होती. “याहून न्यायाचं काय असते?”

ती ग्राफकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मग मला असं काहून वाटते की मी चांगली खेळून राहिली?”

“वाटणं मोजता येत नाही,” मी म्हणालो. मला ते वाक्य आवडलं होतं. पुढे दोन भाषणांत मी ते वापरलं.

तिनं सराव वाढवला. सकाळी पाच तास, दुपारी चार. मी दर सोमवारी तिचे आकडे बघायचो, आणि आकडा पन्नासच्या वर सरकायचा नाही. कधी बावन्न, लगेच परत पन्नास. वर्षानं मला दोनदा सांगितलं, “अहो, तिचं मनगट बघा, सुजून आलंय.” मी बर्फ लावायला सांगितलं. एका सोमवारी मात्र माझं डोकं फिरलं आणि मी तिला समोर बसवलं.

“दीड वर्षापूर्वी पन्नास,” मी म्हणालो, “आज पन्नास. रोज नऊ तास खेळून पन्नास. याचा अर्थ काय होते?”

“काय होते?”

“तू जागची हलली नाहीस, मेथी. हात चालते, डोकं नाही चालत.”

कंट्रोलर उचलून आत गेली आणि त्या दिवशी दहा तास खेळली.

निवड चाचणी नागपूरला होती. दुसऱ्याच फेरीत समोर गरुडवाला आला. पहिला डाव यंत्राच्या ओट्यावर झाला आणि ती हरली. दुसऱ्यात तिनं जुना रुंद ओटा निवडला आणि एकही जीव न गमावता जिंकली. तिसऱ्यात त्यानं अरुंद निवडला. संपलं. दोन वर्षांचा खेळ अकरा वाजता सुरू झाला आणि साडेअकराला संपला. ती बाहेर व्हरांड्यात मनगट धरून उभी होती. मी गेलो, आणि त्या वेळी काय म्हणावं हे मला कळायला पाहिजे होतं. तिचा बाप होतो मी. मी म्हणालो, “यंत्रानं दोघांना सारखं दिलं होतं. तुझ्यात तेवढा दम नव्हता, मान्य कर.”

“हओ,” ती म्हणाली.

अमरावतीला परत आलो. जेवायला वाढताना ती म्हणाली, “तुम्हाला पोळी देऊ का?” मला वाटलं, मागे कोणी पाहुणा बसला आहे. त्या दिवसापासून मी ‘तुम्ही’ झालो. तुम्ही जेवलात का, तुमचं औषध घेतलं का. बाहेरच्याला वाटावं, किती वळणाची पोरगी आहे. मी मात्र रोज त्या ‘तुम्ही’नं थोडा थोडा घराबाहेर जात होतो.

डॉक्टरांनी सांगितलं, मनगटाची शीर कायमची दुखावली आहे. रोजचं काम जमेल, तासन् तास खेळणं पुन्हा नाही. महिन्याभरात तिनं पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये तपासनिसाची नोकरी धरली. जाताना खोका इथेच ठेवून गेली.

आठ महिन्यांनी मी अकोल्याच्या जिल्हा स्पर्धेला गेलो होतो, यंत्र तपासायला. रुकय्या शेख नावाची सतरा वर्षांची मुलगी घोरपड घेऊन बसली. मला जरा बरं वाटलं, कोणीतरी घोरपड घेतली म्हणून. पडद्यावर ओटा आला आणि मला वाटलं, चुकीचं माप लागलं. एवढा रुंद की गच्चीच. मी माप तपासलं, बरोबर होतं. रुकय्या बरी खेळत होती, फार चांगली नाही. तरी आरामात जिंकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी येऊन मी घोरपडीच्या ओट्याची सगळी मापं काढली, दर सोमवारची, पावणेतीन वर्षांची. पहिली दोन वर्षं ओटा अरुंद होत गेला होता. मग एका सोमवारी थांबला, आणि तिथून पुढे रुंद होतच राहिला. मी तारीख पाहिली. नागपूरच्या चाचणीनंतरचा सोमवार. खेळाचे नियम बदलले नव्हते, यंत्रात काही बदललं नव्हतं. त्या आठवड्यात फक्त एवढंच झालं होतं की माझ्या पोरीनं खोका बंद केला होता.



पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे दरवर्षी शिकवायचो. गावात एकच डॉक्टर आहे आणि एक औषध आहे जे फक्त तोच देतो. रोगी बरे झाले. गुण औषधाचा की डॉक्टरच्या हाताचा? आकडे सांगू शकत नाहीत, कारण ते औषध दुसऱ्या कोणी दिलंच नाही. हा प्रश्न मी परीक्षेत विचारायचो आणि चुकणाऱ्यांना भैताड म्हणायचो. गरुड हजारो पोरं खेळतात, चांगली-वाईट सगळी, म्हणून गरुडाचं माप बरोबर निघायचं. घोरपड खेळायची एकटी मेथी. ती जिंकली की यंत्राला वाटायचं, घोरपड फार ताकदवान आहे, ओटा कापा. ती आणखी चांगली खेळली की आणखी कापा. ती थांबल्यावर दोन-चार नवख्या पोरांनी घोरपड धरली, ती हरत गेली आणि यंत्र ओटा रुंद करत सुटलं. तिच्या रोजच्या नऊ तासांतला एकेक तास तिच्याच पायाखालची जागा कमी करत होता. ती पन्नासवर अडकली नव्हती. ती वर चढत होती आणि माझं यंत्र तिला दर सोमवारी ओढून पन्नासवर आणत होतं, आणि मी तो आकडा तिच्या तोंडावर मारत होतो.

नऊ दिवस बसून मी हिशोब पुन्हा मांडला, लढवय्या वेगळा आणि खेळणारा वेगळा. जे चौघं संघात गेले त्यांच्याविरुद्ध, सारख्या ओट्यावर, मैथिली मोहोड शंभरातले किती डाव जिंकली असती? अठ्ठ्याहत्तर.

वर्षाला सांगितलं. ती ओट्याला टेकली, स्वयंपाकघराच्या. मग म्हणाली, “आधी तिला सांगा. फोनवर नाही. जा.”

फेब्रुवारीचे दिवस होते, द्राक्षांचा हंगाम ऐन भरात. नाशिकहून पिंपळगावला बस, पुढे बिनचालकाची रिक्षा. पॅकहाऊसमध्ये थंडगार हवा आणि लांबलचक टेबलं. मेथीनं डोक्याला जाळीची टोपी घातली होती, उजव्या मनगटाला पट्टा होता. डाव्या हातात पितळी कडी, तिच्यातून ती द्राक्षाचा एकेक मणी घालून बघत होती. कडीतून निसटला तो बारीक, निर्यातीला नाही. मला बघून ती दचकली नाही. “जेवणाची सुट्टी होईल दहा मिनिटांत,” म्हणाली, “थांबता का?”

बाहेर पत्र्याच्या सावलीत बाकावर बसलो. तिनं डबा उघडून आमच्या मध्ये ठेवला. मी सगळं सांगितलं, कागदावर ग्राफ काढून. वर्गात कधी अडखळलो नाही, तिथे तीनदा अडखळलो.

“म्हणजे ओटा अरुंद होत होता,” ती शेवटी म्हणाली.

“हओ.”

“मला वाटायचं ते खरं होतं.”

“खरं होतं. चूक माझी होती. पूर्ण माझी.”

“आणि यंत्र नसतं तर? किती जिंकले असते मी?”

“त्या चौघांविरुद्ध अठ्ठ्याहत्तर. शंभरात.”

“अठ्ठ्याहत्तर,” ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली. मग तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत. “रोज सकाळी उठून मी स्वतःला विचारलं, काय कमी आहे माझ्यात. दोन वर्षं तिथे आणि नंतर इथे. अजून विचारते. द्राक्षं मोजतानाही विचारते. सवय लागली आहे त्याची.”

“मेथी, मी…”

“यंत्राचं राहू द्या,” ती म्हणाली. “तुम्हाला काय वाटायचं? मी खेळायची तेव्हा, बघताना. बाप म्हणून नाही, असंच बघणारा माणूस म्हणून.”

मी खोटं बोलू शकलो असतो. मला फार सोपं गेलं असतं, आणि तिला कदाचित बरंही वाटलं असतं. पण दोन वर्षं मी तिला खोटंच सांगत आलो होतो, नकळत का होईना. मी म्हणालो, “पुण्यानंतर मी तुझा एकही सामना पुरता पाहिलेला नाही. मी आकडे बघायचो.”

तिनं मान हलवली, जसं काही कोणी वेळ सांगितली. डबा माझ्याकडे सरकवला.

“महासंघाला कळवा,” ती म्हणाली. “पण त्या अकोल्याच्या मुलीला आधी तुम्ही स्वतः जाऊन सांगा. तिला वाटत असेल ती फार भारी खेळते. एकदम कळलं तर मोडून जाईल ती.” मग उठली. “जेवून घ्या. चारला बस आहे.” घंटा झाली आणि ती टोपी नीट करत आत गेली.

मी रुकय्याला भेटलो, महासंघाला लिहिलं. यंत्र बंद झालं. वर्तमानपत्रात माझ्या नावाचे दोन दिवस वाभाडे निघाले, ते योग्यच होते. संघ तोवर स्पर्धेला जाऊन परतही आला होता. मेथीला फोन केला की ती उचलते, तब्येत विचारते, आईला द्या म्हणते.

तिच्या स्पर्धांच्या सामन्यांची चित्रणं महासंघाकडे आहेत, तीनशे बारा. मी ती मागवून घेतली. रोज दुपारी पहिल्यापासून क्रमानं बघतो आहे. आणि काय सांगू तुम्हाला, काय खेळायची माझी पोरगी. घोरपड एका नखावर कडेला लोंबकळते आहे, समोरचा वर तयार उभा आहे, आता पडणार असं मलाही वाटतं, आणि ही थांबते. एवढ्या घाईच्या खेळात ही थांबते. समोरच्याचा फटका हवेत जातो आणि ही वर येऊन त्यालाच खाली घालते. परवा मी एकटाच बसून टाळी वाजवली. वर्षा आतून बघायला आली आणि परत गेली.

चित्रणात खालच्या कोपऱ्यात खेळणाऱ्याचा चेहरा दिसतो. पहिले काही सामने मी तिकडे लक्ष दिलं नाही. मग दिसायला लागलं की समोरच्याचा जीव घेतला की मेथी दर वेळी क्षणभर मान वर करते आणि डावीकडे बघते. मला वाटलं, तिकडे गुणफलक असेल. नंतर एका चित्रणात अख्खं सभागृह दिसलं. डावीकडे तांत्रिक प्रमुखाचं टेबल होतं, आणि मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो होतो.

दोनशे सहा सामने झाले बघून. शेवटच्या वर्षातले आता सुरू झाले आहेत. त्यांत ती जीव घेते आणि कुठेच बघत नाही.